आपल्याच मतदाराची शंका
(‘प्रचार, विश्वास आणि मतदाराचे मन’ या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



१६ मे २००९ हा दिवस पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कार्यकर्त्यांच्या स्मरणात दोन परस्परविरोधी कारणांनी राहिला आहे. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन मावळ आणि शिरूर हे लोकसभा मतदारसंघ त्या निवडणुकीत प्रथमच अस्तित्वात आले होते. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळात गेले, तर भोसरी आणि खेड-आळंदी शिरूरमध्ये. त्या दिवशी मावळातून गजानन बाबर आणि शिरूरमधून शिवाजीराव आढळराव पाटील असे युतीचे दोन्ही उमेदवार विजयी झाले. पवना आणि इंद्रायणीच्या काठावर विजयाचा आनंद होता. त्याच संध्याकाळी दिल्लीहून आलेले आकडे मात्र वेगळेच सांगत होते. काँग्रेस २०६, भारतीय जनता पक्ष ११६. ज्या नेत्याला पंतप्रधान करण्यासाठी देशभर मते मागितली गेली, त्या लालकृष्ण अडवाणींना देशाने कौल दिला नव्हता.

या औद्योगिक पट्ट्यातील मतदाराने स्थानिक उमेदवार स्वीकारला होता. परंतु देशपातळीवर जो प्रचार चालला होता, त्याविषयी त्याच्या मनात काही महिने, किंबहुना काही वर्षे, एक शंका वाढत होती. ही शंका विरोधकाची नव्हती. विरोधकाच्या शंकेला उत्तर देण्याचा सराव प्रत्येक कार्यकर्त्याला असतो. ही आपल्याच मतदाराची, वर्षानुवर्षे साथ देणाऱ्याची, घरातल्या माणसाची शंका होती, आणि म्हणूनच ती ऐकू आली नाही. आजच्या विवेचनाचा विषय तीच शंका आहे.

शंका घेणारा कोण होता?

एक प्रातिनिधिक मतदार डोळ्यांसमोर आणावा. हा कोणी विशिष्ट गृहस्थ नव्हे, निगडी-प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत कोणत्याही गल्लीत तो भेटतो. सत्तरच्या दशकात सोलापूर, अहमदनगर किंवा मराठवाड्यातील एखाद्या गावाहून तो आला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि आकुर्डीचा स्कूटरचा कारखाना आला, आणि या कारखान्यांच्या भोंग्यावर एक नवे शहर जागे होऊ लागले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आलेला हा तरुण कायम झाला, त्याने सोसायटीत घर घेतले, मुलांना इंजिनिअर केले. गुरुवारची सुट्टी हाच त्याचा रविवार होता.

अडवाणींविषयी त्याच्या मनात जी श्रद्धा होती तिला ठोस कारणे होती. १९९० ची सोमनाथहून निघालेली रथयात्रा त्याने मनापासून अनुभवली होती. त्याहून अधिक परिणाम झाला होता तो दोन कृतींचा. नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईच्या महाअधिवेशनात पक्षाध्यक्ष असलेल्या अडवाणींनी स्वतःचे नाव पुढे न करता पंतप्रधानपदासाठी अटलजींचे नाव जाहीर केले. जानेवारी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात आरोप होताच त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला, आरोपमुक्त होईपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे सांगितले आणि त्या वर्षीची निवडणूक खरोखरच लढवली नाही. १९९७ मध्ये न्यायालयाने त्यांना मुक्त केले. सार्वजनिक जीवनात शब्द आणि आचरण यांचा असा मेळ क्वचित दिसतो, हे या कामगाराला ठाऊक होते. त्याची निष्ठा आंधळी नव्हती, पारखून घेतलेली होती. अशा माणसाची शंकाही मग पारखूनच आलेली असते.

पहिली ठेच : २००४

शंकेचे पहिले बीज पडले ते २००४ च्या प्रचारात. डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकल्यावर उत्साहाचे वातावरण होते. परकीय चलनाची गंगाजळी शंभर अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली होती. एका तिमाहीत विकासदर दहा टक्क्यांवर गेल्याची वार्ता होती. सुवर्ण चतुष्कोनाची मुंबई-चेन्नई शाखा देहूरोड-कात्रज बाह्यवळणावरून डोळ्यांदेखत आकार घेत होती. लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली. ‘इंडिया शायनिंग’ आणि ‘फील गुड’ हे शब्द वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि फलकांवरून सर्वत्र दिसू लागले. अटलजींचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरच्या दूरध्वनीवर ऐकू आला.

यातले काहीही खोटे नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे. गंगाजळी खरी होती, रस्ते खरे होते. परंतु त्याच काळात या मतदाराच्या घरातल्या हिशोबाच्या वहीत वेगळे आकडे होते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवरचा व्याजदर जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होता, तो पायरीपायरीने उतरत मार्च २००३ मध्ये आठ टक्क्यांवर आला. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेची खरेदी-विक्री थांबली, आणि निवृत्तीच्या आधारासाठी ठेवलेला पैसा अडकून पडला. कारखान्यांमधून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना येत होत्या. पंचेचाळिशीतला कुशल कामगार हातात एकरकमी पैसे घेऊन घरी बसत होता, आणि त्या पैशावरचे व्याज दरवर्षी आटत होते. व्याजदर उतरल्यामुळे घरकर्ज स्वस्त झाले, उद्योगाला चालना मिळाली, हे अर्थशास्त्र बरोबरच होते. मुलाच्या घराचा हप्ता कमी झाला आणि वडिलांचे व्याजही कमी झाले, असे एकाच घरात घडत होते.

अशा वेळी जाहिरातीने सांगितले की सर्वांना छान वाटते आहे. वडिलांना तसे वाटत नव्हते. एखाद्या सभेत कोणी एवढेच म्हटले असते, की निवृत्तांना झळ बसली आहे, ती का बसली आणि ती कमी करण्यासाठी पुढे काय करणार ते असे आहे, तर त्यांनी ते समजून घेतले असते. परंतु ज्या प्रचारात सर्व काही उजळलेले असते, तेथे अंधाऱ्या कोपऱ्याचा उल्लेख करायला जागाच उरत नाही. १३ मे २००४ रोजी भाजपला १३८ आणि काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या. चाकणचा समावेश असलेल्या तेव्हाच्या खेड मतदारसंघाने मात्र युतीच्याच आढळरावांना निवडून दिले. म्हणजे येथील मतदार दुरावला नव्हता. त्याची घोषणेशी फारकत झाली होती.

पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात अडवाणींनी स्वतःच मान्य केले, की या घोषणा निवडणुकीच्या प्रचारासाठी अनुचित होत्या आणि देशातील दारिद्र्य, बेरोजगारी, असमतोल विकास यांवर बोट ठेवण्याची संधी त्यांनी विरोधकांना दिली. हा प्रामाणिक कबुलीजबाब होता. प्रश्न एवढाच उरतो, की जे चार वर्षांनी ग्रंथात लिहिले गेले, ते एप्रिल २००४ मध्ये आकुर्डीच्या कॅन्टीनमध्ये बोलले जात असताना वरपर्यंत का पोहोचले नाही?

दुसरी ठेच : मौन म्हणजे संमती नव्हे

जून २००५ मध्ये अडवाणी पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेले. कराचीत जिनांच्या कबरीवर त्यांनी जे उद्गार काढले, त्यांनी कार्यकर्त्यांच्या मनाला जबर धक्का बसला. त्या उद्गारांचा अर्थ कसा लावावा, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. सामान्य मतदाराचा प्रश्न साधा होता. ज्या नेत्याने आयुष्यभर एक भूमिका मांडली, त्याने ती बदलली असेल तर का बदलली, आणि बदलली नसेल तर हे काय होते? त्या वर्षाअखेर अडवाणींनी अध्यक्षपद सोडले. १० डिसेंबर २००७ रोजी त्यांचे नाव पंतप्रधानपदासाठी जाहीर झाले. मधल्या काळात मूळ प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्याच्या हाती कोणी दिले नाही. त्याने तो विचारणे थांबवले, एवढेच झाले.

संघटनेच्या जीवनात हा क्षण फसवा असतो. कार्यकर्ता शिस्तीचा असतो. तो बैठकीला येतो, सतरंजी घालतो, पत्रके वाटतो आणि गप्प राहतो. वरच्यांना वाटते, वाद मिटला. प्रत्यक्षात उत्साहाचा झरा आटत असतो. शंभर घरांपर्यंत जाणारा माणूस साठ घरांत जातो, आणि त्या साठ घरांतही मनापासून बोलत नाही. त्याने पक्ष सोडलेला नसतो, विरोधात मतही दिलेले नसते. कोणत्याही अहवालात ही घट नोंदवली जात नाही, मतमोजणीच्या दिवशी मात्र ती दिसते.

तिसरी ठेच : अध्यक्षीय थाटाचा प्रचार

‘मजबूत नेता, निर्णायक सरकार’ ही २००९ ची घोषणा होती. प्रचाराची सारी रचना एका व्यक्तीभोवती केलेली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले होते आणि त्यांच्या प्रचारातील इंटरनेटच्या वापराची जगभर चर्चा होती. अडवाणींचे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले, संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारांप्रमाणे दूरचित्रवाणीवर समोरासमोर चर्चा करावी, असे आव्हान डॉ. मनमोहनसिंगांना देण्यात आले. ते त्यांनी स्वीकारले नाही.

या पद्धतीत मुळातच काही वावगे होते असे नाही. परंतु भारताची राज्यपद्धती संसदीय आहे. चिंचवडच्या मतदानकेंद्रावरील यंत्रात पंतप्रधानांच्या नावापुढे कळ नसते, मावळच्या उमेदवारापुढे असते. अध्यक्षीय प्रचार करायचा, तर त्या एका व्यक्तीवरचा विश्वास इतका निःशंक हवा, की त्याच्या बळावर स्थानिक प्रश्नही मागे पडावेत. येथे नेमकी त्याच ठिकाणी शंका होती. प्रचाराने जे विशेषण निवडले होते, त्याच विशेषणाला प्रश्न विचारला गेला.

‘मजबूत’ म्हटल्यावर विरोधकांनी कंदाहार काढले. २४ डिसेंबर १९९९ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले आणि ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात प्रवासी सुटले. शेकडो कुटुंबांचा आक्रोश डोळ्यांसमोर असताना घेतलेला तो निर्णय किती कठीण होता, हे देशाला ठाऊक होते. मतदाराने त्याबद्दल सरकारला कधीचीच क्षमा केली होती. परंतु दहशतवाद्यांसमवेत परराष्ट्रमंत्र्यांनी जावे हे कोणाला माहीत होते आणि कोणाला नव्हते, याविषयी आत्मचरित्रातील निवेदन आणि तेव्हाच्या सहकाऱ्यांची विधाने यांचा मेळ बसेना. ‘तो निर्णय आम्ही सर्वांनी मिळून घेतला, त्याची जबाबदारी आमची आहे’ एवढे एक वाक्य ‘मजबूत नेता’ या फलकाहून मजबूत ठरले असते. मतदार त्या वाक्याची वाट पाहत होता.

‘दुर्बल पंतप्रधान’ या टीकेचेही असेच झाले. निर्णय कोण घेतो आणि उत्तरदायी कोण, हा आक्षेप घटनात्मकदृष्ट्या गंभीर होता. पण तो मांडताना टीका व्यक्तीकडे वळली. शिक्षणाने वर आलेल्या मध्यमवर्गाला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची हेटाळणी रुचली नाही. मुलांना अभ्यासाचे महत्त्व सांगणाऱ्या घरात विद्वत्तेची आणि मितभाषीपणाची थट्टा चालत नाही.

जो प्रश्न विचारला गेला आणि ज्याला उत्तर मिळाले

आता या पट्ट्यातल्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक मंदीची लाट आली आणि वाहन उद्योगाला तिचा फटका बसला. मोठ्या कारखान्यांनी काही काळ उत्पादन थांबवले. मोठ्या कारखान्यात चार दिवस काम बंद राहिले की भोसरीच्या शेडमधील प्रेस आणि लेथ चार आठवडे थंडावतात, हे येथील लघुउद्योजकाला सांगावे लागत नाही. सर्वांत आधी घरी बसला तो ठेकेदारी कामगार. आकुर्डीत ज्या स्कूटरसाठी एकेकाळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, तेथील उत्पादन २००७ मध्येच थांबले होते. उद्योगाचा मोहरा चाकणकडे वळला होता. वडील कायम कामगार म्हणून निवृत्त झाले आणि मुलगा चाकणला ठेकेदाराच्या हजेरीपटावर लागला, असे अनेक घरांत घडू लागले होते.

त्या घराचा प्रश्न होता : ऑर्डर परत कधी येतील, आणि मुलगा कायम कधी होईल? डिसेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारने उत्पादनशुल्कात चार टक्क्यांची कपात केली, फेब्रुवारीत आणखी दोन टक्के कमी केले. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी सरकारी कर्मचाऱ्यांच्या हातात पडली होती. २००९ च्या पहिल्या तिमाहीत वाहनांची मागणी सावरू लागली. म्हणजे ऐन प्रचारात, जेव्हा सरकार निष्क्रिय असल्याचे सभांतून सांगितले जात होते, तेव्हा चाकणच्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ पुन्हा वाढत होती. माणूस भाषणापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

मुंबईवरील हल्ल्याला सहा महिनेही झाले नव्हते, सुरक्षेचा मुद्दा खराच होता. परदेशी बँकांतील काळ्या पैशाचा मुद्दाही खरा होता. परंतु प्रत्येक घराच्या दारात एक प्रश्न उभा असतो. त्याला उत्तर देऊन मगच घरात जाता येते. मुलाच्या ठेकेदारीविषयी प्रचाराकडे स्पष्ट उत्तर नव्हते. काळा पैसा आणि सुरक्षा हे विषय मग दाराबाहेरच थांबले.

अशा स्थितीत त्या प्रातिनिधिक मतदाराने काय केले? त्याने नेहमीच्याच चिन्हावर मत दिले. पूर्वीच्या निवडणुकांत तो शेजारच्या चार घरांशी बोलायचा, या वेळी बोलला नाही. त्याच्या मुलाने तर कोणाला मत दिले हे विचारण्याचे धाडस त्याला झाले नाही. गुप्त मतदानाचा अर्थ त्याला प्रथमच स्वतःच्या घरात कळला.

प्रत्येक शंका खरी असते का?

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मतदाराच्या मनातील प्रत्येक शंका ही त्याच्या सद्सद्विवेकाची हाक असतेच असे नाही. शंका पेरताही येते. याचा धडा भारताच्या खऱ्याखुऱ्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीनेच १९६९ साली दिला आहे, आणि त्यात एक थोर मराठी नाव गुंतलेले आहे.

राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधींनीच त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली होती. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामणराव देशमुखांना पाठिंबा दिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडणारे असे ते देशमुख होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली. तेवढाच धागा पकडून रेड्डींविषयी त्यांच्याच पक्षाच्या आमदार-खासदारांच्या मनात संशय निर्माण करण्यात आला, आणि मतदारांनी अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यावे असे आवाहन झाले. २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत कोणालाच आवश्यक मते मिळाली नाहीत. देशमुखांची एक लाख बारा हजारांहून अधिक मूल्याची मते पुढे वाटली गेली, ती बहुतांशी रेड्डींकडे गेली, तरीही अखेरीस गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस पक्ष फुटला.

अंतरात्मा हा शब्द पवित्र आहे. पण त्या वर्षी अनेकांचा अंतरात्मा सत्तेच्या दिशेकडे तोंड करून बोलला, असे म्हणायला जागा आहे. राज्यकारभाराचा अनुभव, त्याग आणि विद्वत्ता यांच्या तुलनेत तिघांत सरस ठरावा असा उमेदवार तिसरा आला, आणि त्याच्याविषयी अंतरात्म्याला विचारण्याची फारशी कोणाला आठवणही झाली नाही.

म्हणून शंकेलाही कसोटी लावावी लागते. ती स्वतःच्या अनुभवातून आली आहे, की कोणी कानात सांगितली आहे? ती ध्येयाविषयी आहे, व्यक्तीविषयी आहे, की केवळ प्रचाराच्या पद्धतीविषयी? आणि उत्तर देऊ शकेल अशा माणसाला ती मतदानापूर्वी विचारली गेली आहे का? भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातून आलेली शंका आणि अफवेतून आलेली शंका यांची किंमत सारखी नसते. देहूच्या तुकोबांनी बहुमतापेक्षा मनाच्या साक्षीला थोर मानले, हे या भूमीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मात्र त्या साक्षीदाराचीही उलटतपासणी ते आयुष्यभर करीत राहिले, हे विसरता कामा नये.

हिशोब देणारा लोकप्रतिनिधी

शंकेवर उपाय काय, हे शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. चाकणपासून थोड्या अंतरावर, खेड तालुक्यातील कडूस हे रामभाऊ म्हाळगींचे जन्मगाव आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या धामधुमीत, १९५७ मध्ये, याच मावळातून ते जनसंघाचे आमदार म्हणून द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. पुढे ते पुण्याचे आमदार आणि ठाण्याचे खासदार झाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जो गुण विरोधकही सांगत, तो म्हणजे आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवणे. वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, कोणती कामे केली, याचा लेखी हिशोब ते देत असत.

या पद्धतीचे मर्म लक्षात घेतले पाहिजे. हिशोब लिहायला बसलेल्या माणसाला राहिलेल्या कामांकडे पाठ फिरवता येत नाही, आणि तो वाचणाऱ्या मतदाराला प्रश्न विचारण्यासाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. शंका वर्षागणिक फिटत जाते, पाच वर्षांची थकबाकी साचत नाही. जाहिरातसंस्थेने तयार केलेल्या प्रतिमेला तडा गेला की सारेच कोसळते. हिशोबाच्या वहीत मात्र एखादा आकडा चुकला तरी तो दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्ती केल्याने विश्वास वाढतो.

पुढील वर्षांची साक्ष

२०१४ मध्ये प्रचार पुन्हा एकाच नेत्याभोवती उभा राहिला, आणि भाजपला स्वबळावर २८२ जागा मिळाल्या. यावरून दिसते की एक चेहरा पुढे करणे हा २००९ चा दोष नव्हता. या वेळी रोजगार, महागाई आणि भ्रष्टाचार हे मतदाराचे प्रश्नच प्रचाराच्या अग्रभागी आले होते, आणि मनापासून बोलणारा कार्यकर्ता बूथपर्यंत पोहोचला होता.

२०२४ मध्ये मात्र जुनी ठेच पुन्हा लागली. ‘चारशे पार’ ही घोषणा उत्साहवर्धक होती. पण एवढे बहुमत कशासाठी हवे, या शंकेला राज्यघटनेविषयीच्या प्रचाराने खतपाणी घातले, आणि तिचे निरसन वेळेवर झाले नाही. चाकणच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याचे कारण आणखी जवळचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. ती खुली झाली ४ मे २०२४ रोजी, तीही किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्कासह. शिरूर आणि मावळचे मतदान १३ मेला होते. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु पाच महिन्यांची शंका नऊ दिवसांत फिटत नाही. महाराष्ट्रातील ४८ पैकी १७ जागा महायुतीला मिळाल्या. मावळ राखले गेले, शिरूर मात्र मिळाले नाही. पंधरा वर्षांपूर्वी एकाच दिशेने कौल देणारे हे दोन शेजारी मतदारसंघ वेगवेगळ्या दिशांना गेले.

कार्यकर्त्याने काय करावे?

चिंचवड ही चापेकर बंधूंची भूमी आहे. येथील कार्यकर्त्याला निष्ठा म्हणजे काय हे शिकवण्याची आवश्यकता नाही. निष्ठेचे एक अंग मात्र दुर्लक्षित राहते, आणि ते म्हणजे खालची गोष्ट वर नेण्याचे धैर्य. वरची घोषणा खाली पोहोचवण्यात कार्यकर्ता तरबेज असतो. घरोघरी ऐकलेली शंका तितक्याच तत्परतेने बैठकीत मांडणे ही त्याला कुरबुर वाटते. तेथे तो संकोचतो. ‘लोक समाधानी आहेत’ असे सांगणारा अहवाल सर्वांना आवडतो, आणि तोच सर्वांत महाग पडतो.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. शंका सांगणाऱ्याला विरोधक समजू नये. जो सोडून जाणार असतो तो बहुधा बोलत नाही, जो बोलतो त्याला अजून राहायचे असते. त्याची शंका त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आपल्या शब्दांत सौम्य करू नये. ती योग्य ठिकाणी पोहोचवावी. आणि उत्तर घेऊन त्याच दारात परत जावे. उत्तर मिळाले नसेल तर ‘अजून मिळाले नाही’ हे सांगण्यासाठी तरी जावे. बहुतेक वेळा हे शेवटचे काम राहून जाते.

नेतृत्वाकडून अपेक्षा एवढीच, की असा कार्यकर्ता समोर उभा राहिला तर त्याचे म्हणणे पुरते ऐकावे. २००४ आणि २००९ या दोन्ही वेळी पराभवाची चिकित्सा नंतर पुष्कळ झाली. चिंतन बैठका झाल्या, ग्रंथ लिहिले गेले. त्यातील बहुतेक निष्कर्ष निवडणुकीपूर्वीच कारखान्याच्या बसमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर आणि कांद्याच्या बाजारात रोज बोलले जात होते.

तो प्रातिनिधिक मतदार आज निवृत्त आहे. त्याचा मुलगा अजूनही चाकणला जातो, पहाटेच्या पाळीची बस पकडतो. पुढची निवडणूक येईल तेव्हा कोणीतरी पत्रक घेऊन त्या घराची घंटा वाजवील. वडील दार उघडतील, पत्रक घेतील, पाणी विचारतील. कदाचित एखादा प्रश्नही विचारतील. त्या वेळी कार्यकर्त्याने घड्याळाकडे पाहू नये, पुढच्या घराची घाई करू नये. आत जावे, बसावे, आणि तो प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा.